‘मग?’ विचारणारा माग

या, जवळ सरका. ढगांच्याही वर एक गाव होतं, धुकेरी. तिथले माग नुसत्या हातांनी चालत नसत, बरं का. विणताना गोष्ट सांगावी लागे. धोटा इकडून तिकडे गेला की माग विचारायचा, ‘मग?’ पुढचं सांगितलं तरच पुढचा धागा बसायचा. आणि अशाच कापडाला ऊब असायची.

त्या गावात रुंजी नावाची एक सून होती. तिचा नवरा केरू मीठ आणायला घाटापलीकडे गेला, आणि मागे घाट बर्फाने बंद झाला. तेव्हापासून त्याच्या आईने, मोघाबाईने, बोलणंच टाकलं. चुलीपाशी बसून राही. घरात तान्ही पोर, थंडीने तिची बोटं निळी पडायची.

रुंजीने पांघरूण विणायला घेतलं. पण ती परमुलखातली. तिच्या माहेरी गोष्टी सांगायची रीतच नव्हती. मग तिने शेजारणीची गोष्ट उसनी आणली. माग म्हणाला, ही ऐकलीय, आणि थांबला. मग तिने सोन्याच्या राजाची गोष्ट रचली. मागाने विचारलं, राजाला थंडी वाजायची का? रुंजीला काय ठाऊक! धागाच तुटला.

तिसऱ्यांदा तिने डोळे पुसले आणि आपल्या मनातलंच सांगायला घेतलं.

“एक होता केरू. तो आमच्या गावी मीठ न्यायला आला, नि त्याने माझ्याकडे पाणी मागितलं...”

“नाही गं,” चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली. “गोष्ट तिथून सुरू होत नाही.”

रुंजीचा धोटा हातातच राहिला.

मोघाबाई उठून मागापाशी आली. केरू पायाळू जन्मला, अंधाराला भ्यायचा, आईचं बोट धरल्याशिवाय दूध प्यायचा नाही, एकदा बकरीवर बसला नि धपकन पडला, सगळं सांगत गेली. सांगता सांगता रडली, हसलीही. मागाला तर दम निघेना. पुढचं रुंजीने सांगितलं. दोघींनी मिळून पांघरूण पुरं केलं, पोरीला गुंडाळलं. तिचे गाल तांबूस झाले आणि ती चक्क घोरायला लागली.

मग उन्हं तापली, घाट मोकळा झाला, आणि केरू आला. हिवाळाभर पलीकडे अडकला होता बिचारा. धुकेरीचं पांघरूण कानाशी धरलं की आतली गोष्ट ऐकू येते. केरू ऐकत बसला. ऐकता ऐकता म्हणाला, “आई, बकरीवरून मी पडलो नव्हतो. उडी मारली होती.”

“पडलास,” आई म्हणाली.

त्यावरून ती दोघं पुष्कळ वर्षं भांडली, पण सुखाने हं. खरं काय ते त्या बकरीला ठाऊक. तीही निजली असेल आता. मिटा डोळे.