सुगरण पक्षी आणि ओसाड बंगल्यातली पुस्तके

एका जंगलात, तळ्याकाठच्या बाभळीवर, एक तरुण सुगरण पक्षी राहत असे. म्हणजे राहायला त्याला घर नव्हतेच, हाच त्याचा घोर होता. त्यांच्यात घरटे नराने विणायचे आणि अर्धे झाले की मादीने ते चोचीने ओढून पाहायचे, अशी रीत आहे. टिकले तर संसार, सुटले तर फजिती. याची दोन घरटी सुटली होती. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर चढणारा पिवळा रंग उतरायच्या आत तिसरे जमले नाही, तर त्याचे ते वर्ष वाया जाणार होते.

गाठ का सुटली, हे शेजाऱ्यांना विचारायची त्याला लाज वाटे. मग त्याच्या कानावर आले, की जंगलातल्या ओसाड बंगल्यात, विणकामात नाव कसे कमवावे हे सांगणारी पुस्तके आहेत आणि एक म्हातारे घुबड ती सांभाळते. फुटक्या तावदानातून तो आत शिरला. भर दुपारीही तिथे गारठा होता. फळीवर पाखरे ओळीने बसली होती, प्रत्येकापुढे एक उघडे पुस्तक. कोणीही मान वर करून पाहिले नाही. याने पहिले पुस्तक वाचले. इतके सुरेख लिहिले होते, की वाचता वाचताच आपण मोठे कारागीर झालो, असे त्याला वाटू लागले. "आणखी एक वाच," घुबड मायेने म्हणाले, "म्हणजे तुझी तयारी पूर्ण होईल." असे ते दर वेळी म्हणे. किती दिवस गेले, याचे त्याला भान राहिले नाही.

एकदा पान उलटताना त्याचा पंख शेजारच्या पक्ष्याला लागला. तो पक्षी काही आवाज न करता कलंडला. वाळक्या शेंगेसारखा हलका; आत काही उरलेच नव्हते. त्याची चोच जिथे टेकली होती, तिथे पुस्तकाची शेवटची ओळ होती : 'आता उठा आणि कामाला लागा.'

"फार हुशार होता," घुबड म्हणाले. "शंभर पुस्तके झाली होती त्याची."

सुगरण पक्ष्याने स्वतःच्या छातीकडे पाहिले. पिवळा रंग फिका पडला होता. "गाठ का सुटते, एवढेच मला हवे होते," तो कसाबसा म्हणाला.

"ते तर तुझ्या पहिल्याच पुस्तकात होते. हिरवे पाते घ्यावे, सुकलेले वळत नाही. तू मान डोलावलीस आणि पान उलटलेस."

तो उडाला. त्याला कोणी अडवले नाही. तिथे कधीच कोणी कोणाला अडवले नव्हते, आणि मुलांनो, मला तर हेच सर्वांत भयंकर वाटते. तळ्याकाठी जाऊन त्याने गवताचे हिरवे पाते फाडून आणले आणि गाठ मारली. ती सुटली. पाते फार रुंद होते. त्याने बारीक फाडले, पुन्हा बांधले. चार दिवस तो नुसत्या गाठीच मारत होता आणि शेजारी हसत होते. शेवटी अर्धे घरटे लोंबू लागले, तेव्हा एक मादी आली. तिने ते चोचीने ओढले, त्याला लोंबकळून पाहिले, पुन्हा ओढले. त्याने डोळे मिटून घेतले. घरटे जागच्या जागी राहिले. मादीने कौतुकाचा शब्दही काढला नाही. आत शिरून ती म्हणाली, "दाराची नळी चांगली लांब कर, इथे साप चढतो. आणि लवकर आटप, मला अंडी घालायची आहेत."

तात्पर्य : पुस्तकातली एक ओळ आधी करून पाहावी, मगच पुढची वाचावी, नुसते वाचत बसणाऱ्याला पुस्तकच खाऊन टाकते.