कोईमतूरचा ओतारी

“मग काय, त्या कोईमतूरवाल्याला माझा ओतारी बिघडवू द्यायचा?”

इंद्रजित मगदूम फाटकातूनच बोलत आला. वसगडेकर मास्तर ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी आधी शिष्याच्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल काढ. मग भांड.”

ओतकाम कारखानदारांची परिषद दरवर्षी नव्या गावी भरते. देशभरचे मालक तीन दिवस एकत्र जेवतात आणि दोन जेवणांच्या मध्ये भाषणं ऐकतात. यंदा मान कोल्हापूरचा होता. परिषदेला एक कायमचं चित्र हवं होतं. ते फलकावर, बिल्ल्यावर, पाहुण्यांच्या पिशवीवर दिसायचं होतं. मास्तरांनी आपल्या शब्दावर इंद्रजितचं नाव पुढे केलं.

इंद्रजितनं ओतारी काढला. डोक्याला फेटा, झुपकेदार मिशी, हातात लांब दांड्याची पळी, आणि पळीतून साच्यात पडणारं वितळलेलं लोखंड. समितीत एकमत झालं. समितीलाही त्याचं आश्चर्य वाटलं.

पुढची परिषद कोईमतूरला. तिथल्या चित्रकारानं तोच ओतारी आपल्या पद्धतीनं काढून पाठवला होता. समितीनं तो इंद्रजितकडे धाडला आणि विचारलं, यापुढे गावोगावच्या चित्रकारांनी ओतारी काढताना काय सांभाळायचं, ते दोन ओळींत कळवा. आज संध्याकाळपर्यंत.

“दोन ओळी,” इंद्रजित म्हणाला. “मी एकच कळवणार आहे. चित्र परत घेतलं.”

“कळव.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“माझा शब्द जाईल. तुझं काम जाईल. परिषद पिशवीवर दातेरी चाक छापेल आणि जेवायला बसेल.”

…

इंद्रजितनं दोन्ही चित्रं मास्तरांपुढे टाकली. एक त्याचं स्वतःचं, हातानं रंगवलेलं मूळ. दुसरं कोईमतूरहून आलेलं.

“हे बघा. फेटा काढून डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. आणि मिशी बघा, कारकुनाची.”

“भट्टीसमोर फेटा कोण बांधतं?”

“मास्तर, ते प्रतीक आहे.”

“बरं.”

“माझ्या पळीचा दांडा बघा. त्याला वजन आहे. त्याच्या पळीनं आमटी वाढावी.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून उभी केली.

“फाटकापाशी जाऊन उभा राहा.”

“कशाला?”

“जा म्हटलं ना.”

इंद्रजित गेला.

“कोण दिसतंय?”

“डावीकडचं माझं. उजवीकडचं त्या चोराचं.”

“कुणी काढलंय ते विचारलं नाही. कोण आहे ते विचारलं.”

…

“ओतारी.”

“डावीकडे?”

“ओतारी.”

“उजवीकडे?”

इंद्रजितनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं, आणि एवढ्या उन्हातून तो भांडण मिटवायला आला नव्हता.

“पण तो माझा नाही,” परत येत तो म्हणाला. “माझ्या रेषेला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालणार नाही.”

मास्तर उठले. आत जाऊन पांढऱ्या रंगाची बाटली आणि रुंद ब्रश घेऊन आले. छापायला द्यायच्या चित्रातली चूक झाकायला जुने चित्रकार पांढरा रंग हाताशी ठेवत. ती सवय मास्तरांची अजून सुटली नव्हती.

त्यांनी इंद्रजितचं चित्र मांडीवर घेतलं आणि कोपऱ्यातल्या सहीवरून ब्रश फिरवला.

“मास्तर, मूळ आहे ते.”

कॉम्प्युटरवर प्रत होती. पण चित्रकाराला कॉम्प्युटरवरच्या प्रतीनं समाधान मिळतं, असं अजून तरी कुणी ऐकलेलं नाही.

मास्तरांनी फेटा पुसला.

“कोण आहे?”

“तुम्ही काय करताय…”

“कोण आहे?”

“ओतारी.”

मिशी गेली.

“आता?”

“ओतारी.” इंद्रजित ओरडला. “रात्री जागून काढलीय ती. एकेक केस.”

“दिसत होतं.”

पळी गेली, वजनदार दांड्यासकट. मग साचा. मग वितळलेलं लोखंड, ज्याचा केशरी रंग जमेपर्यंत त्यानं घरात कुणाला बोलू दिलं नव्हतं.

“आता कोण आहे?”

…

“सांग.”

“ओतारीच.” ही त्याची तक्रार होती. तक्रारीसारखी वाटली मात्र नाही.

कागदावर आता एक पाठ उरली होती, पुढे वाकलेली. पुढे गेलेले दोन हात. आणि आगीची धग चुकवायला बाजूला वळवलेली मान.

मास्तरांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि मानेवर नेला.

इंद्रजितनं त्यांचं मनगट धरलं.

आजवर त्यानं मास्तरांच्या पायांना तेवढा हात लावला होता. मनगट त्यानं घट्ट धरलं. ब्रशमधला रंग मास्तरांच्या धोतरावर ठिबकला.

“ती नाही,” तो म्हणाला. “बाकी काय हवं ते पुसा.”

“का?”

“मान गेली तर तो कुणीच नाही. हात आगीत जातायत आणि मान मागे वळतेय. तेवढ्यावरच तर तो…”

तो थांबला. त्यानं भिंतीकडे पाहिलं. टॉवेल गुंडाळलेला, कारकुनी मिशीचा तो दुसरा ओतारी हात पुढे करून उभा होता, आणि त्याची मान वळलेली होती.

…

इंद्रजितची पकड अजून तशीच होती.

“माझा हात सोड,” मास्तर म्हणाले. “तुझा त्या दोन ओळी लिहायला लागेल.”