कामाला गेलेली सावली

समुद्र जिथे खाडीत शिरतो, तिथे कोलवठण हे मिठागरांचे गाव. सावळगीर महाराजांनी तिथे एक उन्हाळा काढला, त्या उन्हाळ्यातली ही हकिकत. ऐकताना डोळे मिटून बसलात तरी चालेल. महाराजांना ते आवडलेच असते.

माघ सरत आला की कोलवठणची सगळी जमीन पांढरी होते. बांध घालून अडवलेले खारे पाणी आटते, तळाशी मीठ धरते, आणि दुपारी ते असे चकाकते की आभाळ कुठे संपले आणि मिठागर कुठे सुरू झाले ते उमजत नाही. लांबून येणारा माणूस हवेत तरंगतोय असे वाटते. महाराज आले ते असेच, त्या पांढऱ्या उजेडातून, जणू कुणी स्वप्नातून उठून चालत यावे. मिठागराच्या कडेला एक जुना करंज होता. त्याच्या सावलीत ते बसले आणि तिथेच राहिले.

गावात धर्मीबाय नावाची एक गरीब बाई होती. तिच्या नवऱ्याने, पदूने, जन्मभर मीठ ओढले आणि त्या लखलखाटात त्याची दृष्टी हळूहळू गेली. त्याला हाताला धरून ती महाराजांकडे आली. "म्हाराज, याचे डोले परत द्या," एवढेच म्हणाली.

महाराजांनी पदूचा चेहरा कितीतरी वेळ ओंजळीत धरला. त्यांचेच डोळे भरून आले. मग म्हणाले, "माय, याचे डोळे हातचे गेले. तुझे अजून आहेत. आता तुमच्या घरात दोघांना मिळून एकच नजर. ती देवाची ठेव समजून सांभाळ."

ती कशी सांभाळायची तेही त्यांनी समजावले. उन्हात जाताना कपाळावर झावळीचा आडोसा बांधावा. चकाकत्या मिठाकडे टक लावू नये. मान वर करून अधूनमधून खाडीपलीकडचा हिरवा डोंगर बघावा, डोळे दिपले तर ते मिटावेत आणि नाम घ्यावे. मिठाच्या हाताने डोळे चोळू नयेत. संध्याकाळी हात स्वच्छ करून डोळे गोड्या पाण्याने धुवावेत. धर्मीबायने हे सारे देवपूजेसारखे पाळले.

गावाला हसायला आणखी काय हवे? कोलवठणला गोडे पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणावे लागे. ते प्यायचे सोडून ही बाई डोळ्यांना घालते! सगळ्यांत जास्त हसला तो मिठागराचा मालक जोमा पाटील. तिथे रीतच अशी होती की मीठ पिकले की नाही हे भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी, पापणी न हलवता बघायचे. जो सगळ्यांत जास्त वेळ टिकेल त्याला 'आगराचा डोळा' म्हणत. तो मान वर्षानुवर्षे जोमाचा होता, आणि माणूस मोठा हट्टी.

करंजाकडे हात करून तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "सावलीत बसून देव भेटला असता, तर माझ्या म्हशी कवाच संत झाल्या असत्या."

महाराज खळखळून हसले. "म्हशींचे डोळे मात्र छान असतात, पाटील," ते म्हणाले.

फाल्गुनातल्या अमावास्येला दुपारी उधाण आले. जोमा सकाळपासून मीठ बघत बांधावर उभा होता. इतक्यात खाडीकडच्या टोकाची उघाडी, म्हणजे पाणी अडवायची फळी, निसटली. सगळे मीठ वाहून जाणार! जोमा कुणाची वाट न बघता एकटाच धावला. त्याने फळी बसवली, पण मागे वळला तेव्हा त्याच्यापुढे नुसता पांढरा उजेड होता. डोळ्यांत निखारे पडल्यासारखी आग, पापण्या उघडेनात. भरतीचे पाणी बांधावरून वाहू लागले होते आणि दोन्ही बाजूंना माणूस गिळणारा चिखल होता. त्याच्या हाका अलीकडच्या काठावर ऐकू येत होत्या. पण त्या दिवशी त्याच्या बरोबरीने टक लावून उभ्या राहिलेल्या गड्यांचेही डोळे गळत होते. बांध कुणालाच दिसेना.

तिथेच काम करणाऱ्या धर्मीबायने कपाळावरची झावळी घट्ट केली. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. आपण बुडालो तर करंजाखाली महाराजांजवळ बसवलेल्या पदूला घरी कोण नेणार, हा एकच विचार मनात होता. तरी ती पाण्यात उतरली.

थोडे पुढे गेल्यावर बांध तिलाही दिसेनासा झाला. वर पांढरे, खाली पांढरे. तिने महाराजांनी शिकवले तसे डोळे मिटले आणि शांतपणे नाम घेतले. डोळे उघडले तेव्हा पायांशी सावली होती. झाड नाही, ढग नाही, आणि पाण्यावर पानापानांची गार, गर्द सावली! तिच्यात चमक विझली आणि पाण्याखालचा बांध स्वच्छ दिसू लागला. सावली पुढे सरकली, धर्मीबाय मागे चालली. आसपास भरतीचा आवाजही नव्हता म्हणे, नुसती पानांची सळसळ. ती थेट जोमापर्यंत पोहोचली, त्याचा हात धरला आणि त्याच सावलीतून त्याला काठावर घेऊन आली.

जोमाला करंजाखाली निजवले. महाराजांनी धर्मीबायची गोड्या पाण्याची लोटी मागून घेतली, त्यात फडके भिजवून त्याच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवले आणि दिवसा उजेडापासून दूर, करंजाजवळच्या झोपडीत राहायला सांगितले. धर्मीबाय रोज लोटी भरून आणत राहिली. कुणी तिला हसले नाही.

आग निवली, सूज उतरली. एका संध्याकाळी महाराजांनी त्याला करंजाखाली बसवून फडके काढले. जोमाला आधी धूसर, मग स्वच्छ दिसू लागले. फडके पिळायला महाराज पाठमोरे वळले. त्यांच्या पाठीवरची कातडी उन्हाने भाजून सोलली होती.

"सावलीत बसनाऱ्याची पाठ कशी भाजली?" जोमाने दबक्या आवाजात विचारले.

महाराजांनी फडके वाळत घातले. शेजारी पदू बसला होता, तो म्हणाला, "पाटील, त्या दुपारी मी हितंच व्हतो. मना दिसत नाय, पन ऊन अंगाला समजतं. एकदम अंगावर आलं. मी इचारलं, म्हाराज, सावली कुठं गेली? तर म्हनाले, कामाला गेलीय, येईल. आनि मना त्यांनी सोताच्या पोटाशी धरून झाकलं."

जोमा पाटलाला हुंदका आवरेना. त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्याला उठवून धर्मीबायकडे नुसते पाहिले. तो तिच्याही पायांशी वाकला आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने आपणहून डोळे मिटले.