जावयाला भाकरी कोण वाढतं?

एका गावाला फार वर्षांनी एक जावई मिळाला. त्या गावात घरोघरी मुलगेच. लेकी मोजक्या, आणि त्याही अजून परकर नेसून सागरगोटे खेळणाऱ्या. त्यामुळे एका शेतकऱ्याच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि अधिक महिन्यात तिचा नवरा सासुरवाडीला राहायला आला, तेव्हा साऱ्या गावाला आनंदाचं भरतं आलं. एका घरचा जावई तो गावाचा जावई, अशी तिथली रीत होती.

जावई मोठा गुणी होता. विहिरी खोदायचं त्याचं काम. सकाळी भाकरी, झुणका आणि तांब्याभर ताक घेऊन तो विहिरीत उतरायचा, तो दिवस कलल्यावरच वर यायचा. सासरी निघताना आईनं त्याला बजावून सांगितलं होतं, "बाळा, पानात पडेल ते खायचं. मागायचं नाही आणि नको म्हणायचं नाही. सासरच्या अन्नाला नावं ठेवू नयेत."

इकडे सासूच्या हाताला चव होती आणि मनात माया होती. हात राखून वाढायची तिला सवय नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. लुसलुशीत, वर तुपाची धार. जावयानं डोळे मिटून पहिला घास घेतला आणि त्याला वाटलं, असं आपण जन्मात खाल्लं नाही.

"घ्या हो जावईबापू, अजून एकच," सासू म्हणाली. त्या घरात 'एकच' म्हणजे निदान तीन, हे त्या बिचाऱ्याला पोट तटतटल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी श्रीखंड झालं. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं बासुंदी केली, पलीकडच्या घरी जिलेबी, त्यापलीकडे तुपात तळलेले पुरणाचे धोंडे. प्रत्येक घराला वाटायचं, आपण मागं राहिलो तर नाक कापलं जाईल. भाजी, भाकरी, आमटी जावयाच्या पानाजवळ कुणी फिरकू देईना. एका सुनेनं चुकून मेथीची भाजी वाढायला आणली, तर तिची सासू करवादली, "जावयाला पाला वाढतेस? तो काय शेळी आहे?"

जावई मुकाट्यानं खात राहिला. आठवडाभरात त्याची तब्येत बिघडली. पोट जड झालं, तोंडाची चव गेली, दुपारभर डोळे मिटायला लागले. जो गडी विहिरीतून सरसर वर चढायचा, तो ओसरीवरून उठताना खांब धरू लागला. रात्री स्वप्नात त्याला ज्वारीची भाकरी दिसायची, चांगली पापुद्रा सुटलेली.

बायको त्याला विचारायला बघायची. पण माहेरी ती आत, तो बाहेर. दोघांना बोलायला निवांत वेळ मिळायचा नाही. एकदा पाणी देताना तिनं हळूच विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?"

"कुठं काय? मजेत आहे की," तो म्हणाला. आईचे शब्द त्याच्या कानात होते ना!

मग मात्र त्याच्या पानात पोळी उरायला लागली. सासूचं काळीज चरकलं. तिनं गावातल्या एका जुन्याजाणत्या आत्याबाईंना विचारलं. आत्याबाईंना सगळ्यातलं सगळं कळत असे, निदान त्यांना तसं वाटत असे.

"अगं, एवढं कळत नाही? जावई रुसला!" आत्याबाई म्हणाल्या.

"अगं बाई! कशावर?"

"ते का कुणी विचारतं? रुसलेला जावई आधी गोडानं खुलवायचा. गोडानं नाही खुलला, तर सोन्यानं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बासुंदी आणखी घट्ट झाली आणि तूप वाटीऐवजी गडव्यातून आलं. आणि जावई जितका कमी खाई, तितकी घरात काळजी वाढे. सासऱ्यानं दोन दिवस विचार केला. सोनं घ्यायचं तर घरात विकण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे दावणीची गाय. साऱ्या घराचं दूधदुभतं त्या एका गाईवर चालायचं. पण लेकीचा संसार नवा, तिथं रुसवा राहिला तर पोर आयुष्यभर बोलणी खाईल, या धास्तीनं त्यानं एका सकाळी गाईचं दावं सोडलं. वासरू तिच्या मागोमाग निघालं. जाताना सासऱ्यानं गाईच्या पाठीवर हात फिरवला, पण तिच्या डोळ्यांकडं बघायचं धाडस काही त्याला झालं नाही.

जावयाला याचा पत्ताच नव्हता. दुपारी तो चूळ भरायला मागच्या दारी गेला आणि जागीच थबकला. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. त्यानं दारातून आत डोकावलं.

सासू, बायको आणि धाकटी मेहुणी जेवायला बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी, बस्स. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण नीट पाहिलं तर ताकाचं भांडं कोरडं होतं आणि आमटीच्या पातेल्यात नुसतं पाणी हलत होतं. घरातली डाळ पुरणात गेली होती, दूध बासुंदीत आणि तूप त्याच्या वाटीत. धाकटी मेहुणी म्हणत होती, "आई, आज तरी दही दे ना गं."

"पाव्हणे जाऊ देत, मग देईन हं," सासू तिला समजावत होती. तिचा स्वतःचा चेहरा पार ओढला होता.

जावयाला भडभडून आलं. तो सरळ आत गेला, पाटबीट न मागता बायकोशेजारी भुईवर बसला आणि तिच्या ताटातली अर्धी भाकरी त्यानं उचलली. भाजीबरोबर पहिला घास तोंडात घातला नि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सासूच्या हातातली पळी खाली पडली. "अहो जावईबापू! हे काय करता? जावयाला भाकरी कोण वाढतं? गाव काय म्हणेल?"

"मामी, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मला रोज हेच हवं होतं."

आता मात्र बायकोला राहवेना. ती रडतच म्हणाली, "मग बोलला का नाहीत? तुम्ही रुसलात म्हणून बाबा गाय विकायला गेलेत! तुमच्या अंगठीसाठी!"

जावई उरलेली भाकरी नि भाजी हातात घेऊन तसाच धावत सुटला. पण धावणार कसा? वेशीपर्यंत जाताजाता त्याला धाप लागली. बसत, उठत, झाडाला टेकत तो बाजाराच्या वाटेनं निघाला. गाय विकली गेली तर हे घर दुधाला मुकेल, तेही आपल्या तोंडात मिठाची गुळणी होती म्हणून, हे मनात आलं की तो पुन्हा चार पावलं टाकायचा.

अर्ध्या वाटेवर पळसाच्या सावलीत त्याला सासरा दिसला. तो बुंध्याला टेकून बसला होता. नुसत्या कोरड्या भाकरीवर उन्हातान्हात राबणारा तो म्हातारा. चालताचालता त्याला घेरी आली होती. गाय शेजारी उभी राहून त्याचा हात चाटत होती.

"जावईबापू, तुम्ही कशाला आलात उन्हाचे?" सासरा धडपडत उठायला लागला. "अंगठी येईल हो संध्याकाळपर्यंत. आता तरी रुसवा सोडा."

"मामा, मी रुसलोच नव्हतो. मला भाकरी हवी होती."

सासरा त्याच्याकडं बघतच राहिला. "भाकरी? मग मागितली का नाहीत?"

"आईनं सांगितलं होतं, मागायचं नाही म्हणून. पण काय हवं ते तुम्ही कुणी मला विचारलंही नाहीत."

"जावयाला विचारायचं असतं होय? त्याला वाढायचं असतं," सासरा म्हणाला, आणि बोलताबोलता त्यालाच आपल्या बोलण्याचं हसू आलं. जावईही हसला. हसताहसता दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जावयानं पळसाच्या पानांचा द्रोण केला, वासराला क्षणभर गाईच्या आचळाला लावलं नि धारोष्ण दूध काढून सासऱ्याच्या हातात दिलं. घोटाघोटानं म्हाताऱ्याच्या तोंडावर तरतरी आली. मग हातातली भाकरी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली आणि गाईला पुढं घालून ते हळूहळू घरी परतले.

दारात सासू उभी होती. गाय पाहून तिचा जीव भांड्यात पडला, पण मनातलं दुखणं राहिलंच होतं. तिनं विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. माझ्या पोळ्या आवडल्या नाहीत का हो तुम्हाला?"

"मामी, पहिली पोळी मला अजून आठवते," जावई म्हणाला. "त्यानंतरच्या मात्र एकही आठवत नाही."

त्या दिवसापासून घरात सगळ्यांची एकच पंगत बसू लागली. कधी झुणका, कधी मेथी, डाळीची दाट आमटी, कोशिंबीर, भाकरी, आणि प्रत्येकाला वाटीभर ताक. गावातल्या घरांनीही त्याला बोलावून वांग्याचं भरीत नि मुगाची उसळ खाऊ घातली, आणि आमची उसळ चांगली की तुमची, यावर बायकांची चांगलीच जुंपली. आत्याबाई तर ठणकावून सांगत फिरल्या, "मी म्हटलंच होतं, त्याला भाकरी द्या म्हणून!" जावई पुन्हा हिंडूफिरू लागला. परसातला गाळानं भरलेला आड त्यानं उतरून साफ करून दिला.

तो जायच्या आदल्या दिवशी सासूनं पुन्हा पुरण घातलं. सगळ्यांच्या पानात भाजी, आमटी, भात, आणि एकेक पोळी. तिनं आग्रह केला नाही. तोंडावर पदर धरून ती त्याच्या पानाकडं बघत बसली.

जावयानं सावकाश, चवीनं पोळी संपवली. मग वर बघून म्हणाला, "मामी, अर्धी पोळी आणखी वाढता?"

इतके दिवस तिनं वाढलं होतं आणि त्यानं गिळलं होतं. आज पहिल्यांदा त्यानं मागितलं. सासूला एकदम रडू फुटलं आणि रडतरडतच तिनं त्याच्या पानात अर्धी पोळी वाढली. अर्धीच.

तात्पर्य म्हणाल तर इतकंच: माया पानात गोड किती पडलं यावर मोजू नये. रोजची भाजी-भाकरी, डाळ नि ताक अंगाला बळ देतात, आणि सणाच्या पोळीची गोडीसुद्धा त्यांच्या शेजारी बसूनच लागते.