डाव्या खांद्याची काच

फार फार वर्षं झाली. कवठळीत तेव्हा वीज नव्हती, पण पाणवठे मात्र दोन होते, एक गावाचा आणि एक वस्तीचा, एवढं ध्यानात ठेवा. त्या वस्तीत तान्हाबाई राहायची. टोपली घेऊन फुटकी काच वेचायची. पोरवयात तिनं पाटलाच्या पायरीखाली उभं राहून वरून टाकलेली भाकरी पदरात झेलली होती. हातात कुणी दिली नव्हती. ते ती विसरली नाही, आणि विसरावं तरी का?

पुढं वस्तीनं दीक्षा घेतली, मातीचा विहार बांधला. मूर्ती आणायची ऐपत नव्हती. तान्हाबाई म्हणाली, "बुद्ध मी करते. रस्त्याकडच्या भिंतीवर करते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असा."

पाटलाचा निरोप आला, आत काय हवं ते करा, रस्त्याकडं काही दिसता कामा नये. तान्हाबाईनं निरोप्याला पाणी विचारलं आणि चुना कालवायला बसली.

कुणाचा हात कापू नये म्हणून ती एकेक तुकडा दगडावर घासायची, मग ओल्या चुन्यात दाबायची. चेहरा कंदिलाच्या काचेचा, कमळ फुटक्या बांगड्यांचं. असं म्हणतात, मिटलेले डोळे जमले त्या सकाळी ओढ्याचं पाणी बघत थांबलं होतं. अडलं ते चिवर, बुद्धाच्या अंगावरचं वस्त्र. त्या रंगाची काच तिच्या टोपलीत नव्हती.

मग पाटलाची माणसं दारू पिऊन यायला लागली आणि रिकाम्या बाटल्या भिंतीवर फोडायला लागली. वस्ती घाबरली. तान्हाबाईनं एक तपकिरी तुकडा उचलून उन्हात धरला. चिवराचाच रंग. ते फेकत गेले, ती वेचत गेली. असं म्हणतात, बुद्धाच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा उठला नाही, आणि चिवर पायापासून वर चढत गेलं.

एका संध्याकाळी ती भिंतीपुढं जाऊन उभी राहिली.

"फेका की. डावा खांदा राहिलाय अजून."

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाटल्या थांबल्या आणि खांदा तसाच राहिला.

तालुक्याहून बाटली आणू, असं वस्तीतले म्हणाले. "न्हाई," ती म्हणाली. "जल्मभर फेकलेलं घेतलं. ही काच हातात दिलेली पायजे. त्यांच्याच गल्लीतून, दिवसाढवळ्या."

लोक तिला हट्टी म्हणाले. होतीच ती हट्टी. केस पांढरे झाले, खांदा उघडाच. असं म्हणतात, मावळतीचं ऊन चिवरावर पडलं की उजेड थेट पाटलाच्या ओसरीत शिरायचा, आणि तिथं बसलेल्यांना बुद्धासारखे डोळे मिटून घ्यावे लागायचे.

एका वैशाखी पौर्णिमेला भर दुपारी पाटलाची धाकटी सून रस्त्यानं चालत आली, हातात तपकिरी बाटली. ती बाटली खाली ठेवायला वाकली. तान्हाबाईनं तळहात पुढं केला.

"खाली नगं, लेकी. हातात दे."

सुनेनं मागं वळून पाहिलं. सारी गल्ली दारात उभी होती. तिनं बाटली हातात दिली. बोटाला बोट लागलं. असं झालं तर आभाळ कोसळेल, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. असं म्हणतात, त्या वेळी पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही.

त्या काचेनं डावा खांदा भरला. पुढं तान्हाबाई गेली. भिंत आहे. दर वैशाखी पौर्णिमेला पाटलाच्या गल्लीपासून भिंतीपर्यंत माणसांची रांग लागते, आणि निखळलेल्या जागेसाठी काचेचा तुकडा हातातून हातात येतो. आणि एरवीही, कवठळीत कुणी कुणाला काही वरून टाकायला गेलं, तर लहान पोरसुद्धा हात मागं घेतं आणि म्हणतं, "हातात दे."