सूप खुंटीवर चढेना

भांडीकुंडी आपसात भांडायची त्या काळची गोष्ट. एका घरात ज्वारीने भरलेली कणगी सगळ्यांवर हुकूम चालवायची. तोंडाचा बोळा जरा सरकवून ती एकच दाणा सोडायची. सूप खुंटीवरून उतरायचं, तेवढा दाणा पाखडायचं आणि परत खुंटीवर चढायचं. मग पुढचा दाणा. तोवर आतली ज्वारी किडे पोखरत होते.

एक दिवस सूप खाली उतरलं ते उतरलंच.

"चढ वर!" कणगी खेकसली. "दाणा न् दाणा पाखडायचा, ही या घरची रीत आहे."

"दाणा न् दाणा पाखडीन. पण दर दाण्याला खुंटीवर चढणार नाही. सूपभर ओत!"

"नाही ओतली तर?"

"तर बस किडे पोसत."

कणगी पुन्हा खेकसणार, तोच तिला आपल्याच पोटातली कुरतड ऐकू आली.

तिने बोळा उपटून फेकला.