कासवाची केबिनवाली बोट

माणसं बोटी चाकांच्या गाड्यावर घालून फिरवू लागली, तेव्हाची गोष्ट. तळं आटत होतं. नव्यानं लग्न झालेल्या कासवांना चार दिवसांत नदी गाठायची होती. नवरा मात्र काठावर कुणी गाड्यासकट टाकून दिलेल्या बोटीवर भाळला.

"अगं, फायदे बघ! आत निजायची खोली, मागे इंजिन. रस्त्यावर ओढायची, नदीत सोडायची."

"अहो, खोली पाठीवर आहे की आपल्या," बायको म्हणाली. "आणि तोटे?"

"एकच. ओढायला कुणीतरी लागतं."

"कोण?"

"तू आहेस ना!"

"आमचा लेक पहिल्यापासून सगळ्याचा विचार करतो हो," सोबत निघालेल्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"मग तुम्ही दोघं आत बसा. नदीला पाणी किती आहे, ते मी बघून येते."

तिसऱ्या दिवशी ती नदीत उतरली. पाणी पुष्कळ निघालं, त्यामुळे बघायला अजून वेळ लागतो आहे.